एकर-गुंठा की हेक्टर-आर: वावराचा सौदा कोणत्या मापात करावा?

जळगाव जिल्ह्यात चोपडा-यावलकडे वावर बघायला गेलं की बांधावर भाव एकरी सांगतात. सातबारा हातात आला की क्षेत्र हेक्टर-आरमध्ये. इसार देण्याआधी या दोन मापांचा मेळ घालून घ्या. नाहीतर फरक बहुतेक वेळा घेणाऱ्याच्या अंगावर पडतो.

गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १,०८९ चौरस फूट. ही बाजू मुंबई इलाख्याच्या जुन्या पाहणीतल्या ३३ फुटी, सोळा आण्यांच्या (म्हणजे सोळा भागांच्या) मोजणी-साखळीची. (खानदेशात १८५२ साली सावदा-यावलकडच्या रयतेने त्या मोजणीलाच विरोध केला होता.) ४० गुंठ्यांचा एकर. आर म्हणजे १० मीटर बाय १० मीटर, सुमारे १,०७६.४ चौरस फूट. असे १०० आर म्हणजे हेक्टर.

गुंठा आणि आर यांत फरक जेमतेम साडेबारा चौरस फुटांचा, म्हणून बोलताना आरलाच सर्रास गुंठा म्हणतात. घोटाळा तिथेच होतो. सातबाऱ्यावर ०.४०.०० दिसलं की ‘एकर आहे’ म्हणून मोकळे होतात. प्रत्यक्षात ते ३९.५४ गुंठे, म्हणजे ५०४ चौरस फूट कमी. पुरा एकर ०.४०.४७ असा दिसतो: ४० आर, ४७ चौरस मीटर. हेक्टरला ‘अडीच एकर’ धरलं तर १,२६१ चौरस फूट हवेत जातात. एकरी २० लाखांचा भाव असेल, तर सुमारे ५७,९०० रुपये जादा मोजले.

सोन्यात हा प्रश्न आपोआप सुटला. तोळा पूर्वी ११.६६ ग्रॅमचा होता, आज जळगावच्या सराफात तोळा म्हटलं की १० ग्रॅम समजतात. गुंठ्याचं तसं झालेलं नाही, तो अजून १,०८९ चौरस फुटांचाच आहे.

एकर-गुंठ्याची खरी ताकद बांधावर दिसते. टेप ३३ फूट ओढला की गुंठ्याची बाजू डोळ्यांपुढे उभी राहते. ४० चे निम्मे, पाव, अष्टमांश सरळ पडतात, त्यामुळे भाऊहिस्से तोंडी होतात. पण कॅल्क्युलेटर घेतला की हेच माप दगा देतं. ‘२ एकर ५ गुंठे’ कुणी २.५ असं टाकलं तर ते अडीच एकर झाले, चक्क १५ गुंठे जास्त. खरा आकडा २.१२५. हेक्टरमध्ये २ हेक्टर ५ आर म्हणजे २.०५; पाचाआधीचं शून्य तेवढं विसरू नका.

केळीच्या रोपांची मागणी नोंदवताना तर फूट की मीटर हे आधीच ठरवा. ५ बाय ५ फुटांवर एकरी १,७४२ रोपं बसतात, दीड बाय दीड मीटरवर १,७९८. ‘पाच फूट म्हणजे दीड मीटरच’ म्हणून हिशेब केला की ५६ रोपांचा फरक पडतो. खताची हेक्टरी शिफारस एकरावर आणताना अडीचने भागलं तरी पिकाला काही होत नाही. खरेदीखतात ती सूट नाही.

बिघा कागदावर आणूच नका. गाव बदललं की त्याचा अर्थ बदलतो.

आमचा कौल असा: बोलणी खुशाल एकरात करा, लिखाण हेक्टर-आर-चौरस मीटरमध्ये ठेवा. भाव आरवर आणायला एकरी रक्कम ४०.४७ ने भागा. २० लाखांचे आरी, म्हणजे दर आरला, साधारण ४९,४२० रुपये येतात. इसारपावतीत हा आरी भाव आणि सातबाऱ्यावरचं क्षेत्र, दोन्ही लिहून घ्या. पोटखराब्याला (लागवडीला न येणाऱ्या भागाला) तोच भाव की वेगळा, हेही तिथेच नमूद करा. एकूण आकड्यात नाला किंवा रस्ता दडलेला असतो आणि तो बहुतेकदा पैसे दिल्यावरच दिसतो.

भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी झाली की ‘क’ प्रतीवरचं (मोजणीनंतर मिळणाऱ्या नकाशावरचं) क्षेत्र सातबाऱ्याशी ताडून बघा. कमी-जास्त निघालं तर रक्कम त्याच आरी भावाने बदलेल, एवढी एक ओळ पावतीत हवीच.