मोठ्या कामाचे तुकडे पाडून बघितले: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

आजोबांच्या नऊ वह्या चार वर्षं माझ्या कपाटात पडून होत्या. साधारण ६४० पानं, शाईची, पाठपोट लिहिलेली. ती टाइप करून घरच्यांसाठी नीट पुस्तक करायचं हे दरवर्षी नव्या डायरीच्या पहिल्या पानावर यायचं: 'वह्यांचं काम पूर्ण करणे'. डायरी बदलायची, ओळ तीच.

आठ महिन्यांपूर्वी तुकडे पाडायची पद्धत धरली: कामाचा एक छोटा तुकडा, त्याचं एक कार्ड. सामान म्हणाल तर कोरी कार्डं, पेन आणि मोबाइलमधला टायमर. आधी वाईट सांगतो, कारण पहिला महिना जवळपास वायाच गेला.

एका शनिवार-रविवारी बसून मी १४० कार्डं लिहिली. टायपिंगची हिरवी, तपासणीची पिवळी. मुखपृष्ठाचा कागद कसला असावा यालासुद्धा एक कार्ड. नमनालाच घडाभर तेल! दोन दिवसांत इतकं काम केल्यासारखं वाटलं की पुढचे दहा दिवस वहीला हातच लावला नाही. त्यातली ९० कार्डं नंतर फेकावी लागली, कारण सुरुवात केल्यावर काम भलतंच निघालं. आता तुकडे फक्त येत्या आठवड्याचे पाडतो. त्यापलीकडचं सगळं ढोबळ: 'वही ७', बस्स.

दुसरा घोळ अंदाजाचा. एका पानाला दहा मिनिटं धरली होती. टायमर लावून दहा पानं केली, तर सरासरी निघाली २५. शाई मागच्या बाजूला उमटलेली, आणि आजोबांचे 'घ' आणि 'ध' जुळे भाऊ. चौथ्या वहीत 'तेवढ्यात वरून धार आली' असं वाचून मी पाऊस समजलो. पुढच्या ओळीत कोंबडीचं पिल्लू नाहीसं झालं तेव्हा कळलं, धार नव्हे, घार! अशा जागा अंदाजात कोण धरतो? डॅनियल कानेमन आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच या खोडीवर बोट ठेवलं होतं: आधीच्या कामांना किती वेळ लागला हे माहीत असूनही माणूस नव्या कामाला कमीच वेळ धरतो. माझा नवा हिशेब २६७ तासांवर गेला. आधी धस्स झालं. पण चार वर्षं ज्याला 'खूप' म्हणत होतो, त्याला निदान आकडा तरी मिळाला.

आता जे खरोखर चाललं ते. कार्डावर 'वही ४' लिहिलं की ते तिथेच पडून राहायचं. 'वही ४, पान १७, वरचा अर्धा भाग' असं लिहिलं की उचललं जायचं. काम तेवढंच, पण दुसऱ्या कार्डापुढे बसल्यावर 'आता कुठून सुरू करू' हा प्रश्न उरत नाही. अल्बर्ट बँडुरा आणि डेल शंक या मानसशास्त्रज्ञांचा १९८१ चा प्रयोग मला इथे फार पटला. गणितात कच्च्या मुलांना वजाबाकीची ४२ पानं दिली होती, सात बैठकांत करायला. काहींना सांगितलं, दर बैठकीला सहा पानं. काहींना सांगितलं, शेवटपर्यंत ४२ पानं. गणितं तीच, हिशेबही तोच. तरी सहा पानंवाली मुलं पुढे गेली, आणि त्यांना वजाबाकीची गोडीही जास्त लागली.

मध्ये अकरा दिवस आजारी होतो. उठल्यावर मागची कार्डं पुढच्या आठवड्यात कोंबली आणि तोही आठवडा गेला. आता हुकलेल्या आठवड्याची कार्डं सरळ फाडतो आणि नवी लिहितो.

एका ठिकाणी मात्र पद्धत साफ आडवी झाली. आजोबा आणि त्यांच्या भावाचं भांडण तीन वह्यांत विखुरलंय. ते पुस्तकात घ्यायचं का, कुठे घ्यायचं? 'भांडणाची पानं, ३० मिनिटं विचार' असं कार्ड केलं. तीस मिनिटं भिंतीकडे बघत बसलो. दुसऱ्यांदा टायमर वाजला तेव्हा नुकता कुठे धागा लागत होता. शेवटी दोन अख्खे रविवार सगळे प्रिंट जमिनीवर पसरून बसलो, टायमर बंद करून, तेव्हा क्रम लागला. घ्यायचं की नाही याचा निकाल आत्याच्या फोनवर लागला. ती म्हणाली, "ठेव रे. सगळं ठेव. फक्त मला वाचून दाखवू नकोस." हा फोन दोन महिने रखडला होता, कारण कार्डावर मी 'आत्याला फोन' न लिहिता 'निर्णय घेणे' असं लिहून ठेवलं होतं.

थोडक्यात, टायपिंग, सराव, अभ्यासाची उजळणी, आवराआवर अशा मोजता येणाऱ्या कामाला ही पद्धत बिनधास्त घ्या. जुळवाजुळवीच्या कामाला लांब सलग वेळच काढा. आणि रंगीत कार्डं आणू नका.

आज ३८० पानं झालीत, सहावी वही चालू आहे. संपादनाची कार्डं अजून एकही केलेली नाहीत. उद्याचं कार्ड: वही ६, पान ३१, खालचा भाग, भिंग घेऊन बसणे.