शेततळ्याचे ५०० मायक्रॉनचे अस्तर : तिन्ही ऋतूंनंतरचा अनुभव

वरुड तालुक्यातील आमच्या संत्राबागेसाठी गेल्या मे महिन्यात ३० बाय ३० मीटर आणि ३ मीटर खोल असे शेततळे खोदून त्यात ५०० मायक्रॉनची, म्हणजे अर्धा मिलिमीटर जाडीची, काळी एचडीपीई (एक प्रकारचे चिवट प्लास्टिक) पन्नी अंथरली. बाजूंचा उतार एकास एक असल्यामुळे त्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी मावते, आणि विहिरी आटतात त्या दिवसांत आंबिया बहाराची (जानेवारी-फेब्रुवारीत फुलणाऱ्या बहाराची) फळे त्यावरच तगतात. आता पुन्हा उन्हाळा सरत आला आहे आणि पन्नीबद्दल माझी तक्रार नाही; जे नुकसान झाले, ते बहुतेक पन्नीखालच्या जमिनीमुळे आणि काठावरच्या वर्दळीमुळे झाले.

तळे भरले की तळाच्या प्रत्येक चौरस मीटरवर तीन टन पाणी उभे राहते. त्या भाराखाली पऱ्हाटीचे (कपाशीचे) एखादे धसकट किंवा चुनखडीचा टोकदार खडा राहिला, तर तो आज ना उद्या वर येतोच. म्हणून तळ व उतार हाताने वेचून, पाणी मारून, चोपून घेणे आणि वर बारीक चाळलेल्या मातीचा थर देणे यात मजुरीची काटकसर करू नये. नागरमोथा मात्र वेचूनही पुरता जात नाही. त्याचा सुईसारखा कोंब पातळ प्लास्टिक सहज भेदतो, त्यामुळे त्याच्या गाठी खणूनच काढाव्या लागतात.

आमच्याकडच्या काळ्या मातीचा स्वभाव आणखी वेगळा. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. बांधावरच्या ज्या चरात पन्नीची कड गाडलेली असते, तोच चर उन्हाळ्यात उकलतो आणि कड सरकू लागते. चरात मुरूम मिसळून भरल्यास हा त्रास बराच कमी होतो. तळे पूर्ण रिकामे करणेही धोक्याचे, कारण बांधातून झिरपलेले पाणी किंवा वारा पन्नीला खालून उचलतो. फूट-दीड फूट पाणी तळाशी राखावे.

अंथरण्याची वेळ हा मुद्दा कोणी सांगत नाही. आमच्या कंत्राटदाराच्या माणसांनी भर दुपारी, पन्नी तापून सैल पडलेली असताना ती ताणून बसवली आणि डिसेंबरच्या थंडीत ती आखडल्यावर एका कोपऱ्यातील जोड वीतभर उसवला. सकाळी आणि थोडी सैल अंथरली असती, तर जोडावर हा ताण आला नसता.

रोही (नीलगाय) पाण्यासाठी उतरले की त्याला गुळगुळीत उतारावरून वर चढता येत नाही. पाण्याच्या रेषेलगत त्याच्या खुरांचे तिरपे ओरखडे एकावर एक पडलेले दिसले; बहुतेक वरवरचे होते, पण दोन आरपार गेले होते. कुंपण हा पन्नीच्या खर्चाचाच भाग समजावा, शिवाय आत पडलेल्या माणसाला वर येता यावे म्हणून गाठी मारलेला दोर बांधून ठेवावा. पंपाचा फूटव्हॉल्व्ह (पाणी ओढणाऱ्या नळीच्या टोकाची झडप) पन्नीवर घासू नये यासाठी रिकाम्या ड्रमला टांगलेला बरा.

पाणी उतरते ते गळतीने की उन्हाने, हे ओळखण्यासाठी पाण्याने भरलेली बादली तळ्यातच बुडणार नाही अशी टांगून दोन्हीकडची घट मोजावी. तळ्याची घट जास्त असेल, तर पातळी जिथे येऊन थबकते त्या रेषेवर छिद्र शोधावे. एचडीपीईला साधा डिंक किंवा सोल्युशन धरत नाही. जागा कोरडी व स्वच्छ करून हॉट एअर गनने त्याच जातीच्या पन्नीचा तुकडा जोडून घ्यावा लागतो, म्हणून अंथरतानाच उरलेला एक मोठा तुकडा सावलीत जपून ठेवावा.