41 खुंट्यांचा गोल लूम: बाळाच्या ब्लँकेटसाठी काही महिने वापरल्यानंतर

गोल लूम म्हणजे भोवती खुंट्या असलेलं लोकर विणायचं कडं: खुंटीला धागा गुंडाळायचा आणि आधीचा टाका हुकने उचलून त्यावरून उतरवायचा. सेटमधल्या चार लूमपैकी (24, 31, 36 आणि 41 खुंट्या) ब्लँकेटला कामी येतो तो मोठाच. काही महिन्यांच्या वापरानंतर त्याची एक खुंटी मुळातून मोडली. विक्रेता म्हणतो, सुटी खुंटी मिळत नाही, नवा सेट घ्या. एका खुंटीपायी अख्ख्या सेटचे पैसे का मोजायचे? 30 खुंट्यांची पट्टी सपाट (गोल न फिरता, पुढे-मागे) विणली की 11 खुंट्या तशाही रिकाम्या राहतात. मोडकी जागा त्या 11 मध्ये येईल अशी सुरुवात करायची, काम अडत नाही. गोल विणायच्या टोपीला मात्र हा लूम बाद.

खुंटी मोडते ती धागा घट्ट गुंडाळल्यामुळे. घट्ट टाका हुकने उचलताना सगळा जोर खुंटीच्या बुडाशी येतो. टाका खुंटीवर वरखाली सहज सरकला पाहिजे. शिवाय खुंटीवर साच्याची रेघ असते. तिच्यात धागा अडकतो, दुहेरी धाग्याचा हुक एकच पदर उचलतो आणि राहिलेल्या पदराचा फास कापडावर लोंबत राहतो. बाळाचं बोट अडकायला तेवढा पुरे! नवा लूम आला की प्रत्येक खुंटी बारीक पॉलिश पेपरने घासून घ्याच.

खुंट्यांमधलं अंतर जास्त, त्यामुळे 4 प्लाय जाडीची ॲक्रिलिक लोकर एकेरी घेतली तर जाळी होते. दोन पदर एकत्र घ्या, लोकर बारीक असेल तर तीन. सुमारे 30 बाय 36 इंचांसाठी दोन पट्ट्या, साधारण अर्धा किलो लोकर.

कडा वळण्याबद्दल मत बदललंय. आधी ते लूमचंच वैगुण्य वाटायचं. पण लूमवर कापडाची सुलट बाजू कायम आपल्याकडे असते, त्यामुळे नुसतं गुंडाळून उचलत गेलं की सगळ्या ओळी सुलट होतात, आणि अशी वीण वळतेच. दोन सुयांवर प्रत्येक ओळ सुलट विणून जो सपाट काठ येतो, त्यासाठी इथे एक ओळ सुलट, एक उलट विणावी लागते. सुरुवातीच्या व शेवटच्या 8 ओळी आणि बाहेरच्या कडेच्या 4 खुंट्या अशा विणल्या की ब्लँकेट सपाट पडतं. उलट टाका वेळखाऊ आहे: धागा टाक्याखाली धरायचा, हुक वरून टाक्यात घालून धागा वर ओढायचा, जुना टाका उतरवून नवा फास खुंटीवर चढवायचा. तरी काठ टाळू नका.

टाके बंद करायला क्रोशाची सुई घ्या आणि साखळी सैल ठेवा, नाहीतर वरची कड आत ओढली जाते. प्रत्येक ओळीचा पहिला टाका न विणता सोडला की कडेला साखळी येते. दोन्ही पट्ट्या त्याच साखळीतून शिवल्या तर जोड बोटाला टोचत नाही.