नेपल्सला जाताय? स्टेशनवर "आज ट्रेन बंद आहे" सांगणाऱ्याचं अजिबात ऐकू नका

रोमहून एका दिवसात नेपल्स आणि पॉम्पेई (ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलेलं जुनं रोमन शहर) करून येणारे आपले लोक आता खूप वाढलेत, त्यात आई-बाबांना घेऊन जाणारे तर भरपूर, म्हणून जरा सविस्तर लिहितेय, लांबलं तरी पूर्ण वाचा. आमची फसवणूक एका ठिकाणी झाली नाही. एकाने दुसऱ्याकडे सोपवलं, दुसऱ्याने तिसऱ्याकडे, आणि प्रत्येकाने आपापला वाटा काढून घेतला. पहिल्या माणसालाच ओळखलंत तर पुढचं सगळं टळतं.

रोमहून फास्ट ट्रेनने सव्वा तासात नेपल्स सेंट्रल येतं. तिथून पॉम्पेईला जायला चिर्कुमवेझुव्हियाना नावाची लोकल आहे, ती त्याच स्टेशनच्या खालच्या मजल्यावरून सुटते, नापोली गारिबाल्दी असं त्या भागाचं नाव. खाली जायच्या पाट्या आहेत पण गर्दीत पटकन दिसत नाहीत, आणि नेमके तिथेच हे लोक उभे असतात. आमच्याकडे जो आला त्याच्या गळ्यात निळी पट्टी, तिला प्लास्टिकच्या पाकिटात फोटोचं कार्ड, वर इन्फर्मेशनवाला मोठा आय. कुठल्या ऑफिसचं, कुठल्या कंपनीचं, काही नाही, पण लांबून बघितलं तर स्टेशनचाच माणूस वाटावा. बाबा गुडघ्यामुळे हळू चालतात हे त्याने आधीच हेरलं होतं, कारण पहिलं वाक्यच "नमस्ते पापा, पॉम्पेई?" आणि दुसरं "नो ट्रेन टुडे, स्ट्राइक".

इटलीत संप खरंच होतात, सारखे होतात, त्यामुळे हे खोटं लगेच गळी उतरतं. त्याने मोबाइलवर इटालियन बातमी पण दाखवली, वर मोठ्या अक्षरात शोपेरो, म्हणजे संप. बातमी खरीच असणार, फक्त त्या दिवसाची नव्हती. हे नीट लक्षात ठेवा की तिथले संप आधी जाहीर होतात, वाहतूक मंत्रालयाच्या वेबसाइटवर तारखांसकट यादी असते, आणि संप असला तरी सकाळ-संध्याकाळच्या ठरावीक वेळेत गाड्या चालवाव्याच लागतात. त्यामुळे "पूर्ण दिवस एकही गाडी नाही" असं कोणी सांगितलं की खाली जाऊन स्वतः बोर्ड बघायचा, तिकीट खिडकीवर विचारायचं. तिकीट तीन-साडेतीन युरोचं आहे आणि पाऊण तासाच्या आत पोचता, यासाठी कोणाच्या मदतीची गरजच नाही.

तर त्याने सुचवलेली व्हॅन. "सिक्स्टी, कम्फर्टेबल, एसी, पापाज नी गुड." नवऱ्याने विचारलं, साठ टोटल का, तो म्हणाला येस येस टोटल. काळी सात सीटर गाडी, वर टॅक्सीची पाटी नाही, आत मीटर नाही. नेपल्सची अधिकृत टॅक्सी पांढरी असते, दारावर शहराचं चिन्ह आणि लायसन्स नंबर असतो, आत दरपत्रक लावलेलं असतं. एअरपोर्ट, स्टेशन, बंदर अशा ठरलेल्या मार्गांना ठरलेलं भाडं आहे, पण ते तुम्ही गाडी सुरू व्हायच्या आधी मागायचं असतं, नंतर मागितलं तर मीटरप्रमाणेच घेतात. एअरपोर्टवरून स्टेशनला किंवा बंदरावर जायचं असेल तर आलिबस नावाची बस आहे, आम्ही गेलो तेव्हा ५ युरो, उत्तम पर्याय.

आमच्या बॅगा ड्रायव्हरने स्वतः उचलून डिकीत टाकल्या, आणि हा त्यांच्या खेळातला महत्त्वाचा भाग आहे हे शेवटी कळलं.

वाटेत "फ्री टॉयलेट, फाइव्ह मिनिट" म्हणून गाडी एका दुकानासमोर थांबली. तोर्रे देल ग्रेको हे गाव व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या पायथ्याशी समुद्राला लागून आहे, आणि पोवळं आणि कॅमिओ, म्हणजे शिंपल्यावर चेहरे वगैरे कोरून केलेले दागिने, यासाठी जगात नाव असलेलं गाव आहे, एकोणिसाव्या शतकापासून तिथे हा धंदा चालतो. आपल्याकडे सराफ "इटालियन पोवळं" म्हणून जे भाव सांगतात ना, त्याचं माहेर हेच. आईच्या हे डोक्यात होतंच, माझ्या भाच्याच्या पत्रिकेत मंगळ आहे आणि गुरुजींनी पोवळं घालायला सांगितलंय, आणि गाडीत आम्ही आपसात बोलताना मुंगा मुंगा, कोरल कोरल हे शब्द ड्रायव्हरच्या कानावर पडलेच असणार, कारण आत गेल्यावर बाईंनी थेट पोवळ्याचाच ट्रे काढला.

दुकानाची रचना सांगते, कारण सगळा विश्वास तिथे बसतो. शिरल्याबरोबर काचेमागे एक म्हातारे कारागीर बसलेत, लाकडी दांडीवर लाखेने चिकटवलेला शिंपल्याचा तुकडा, दिव्याखाली बारीक टोकाने चेहरा कोरतायत, पांढरा थर सोलला की खालचा तपकिरी दिसतो. ते काम शंभर टक्के खरं होतं, बघत राहावं असं. बाबा तर तिथून हलेनात. मग पुढच्या खोलीत विक्री, आणि तिथला माल वेगळाच. खरा कारागीर बघून आलेला माणूस पुढच्या खोलीत शंका घेत नाही, यावर तो सगळा व्यवहार उभा आहे. त्या म्हाताऱ्या कारागिरांना पुढे काय विकलं जातं हे माहीत असेल का, मला अजून प्रश्न पडतो.

आईने एक कॅप्सूल आकाराचं पोवळं आणि एक माळ घेतली, ३१० युरो. सोबत चकचकीत सर्टिफिकेट दिलं, पण ते दुकानानेच छापलेलं होतं, कुठल्याही लॅबचं नाही. बिलावर नुसती रक्कम, पोवळ्याचा उल्लेखच नाही. आणि कार्ड मशीनवर युरो की रुपये असा पर्याय येतो, तिथे त्या बाईने स्वतःच रुपये दाबून मशीन पुढे केलं, त्यात कन्व्हर्जनचा रेट वाईट लागतो तो वेगळाच तोटा. मशीन स्वतःच्या हातात घ्या आणि कायम युरोच निवडा.

सांगलीला आल्यावर आमच्या सराफांनी कापसाचा बोळा ॲसिटोनमध्ये बुडवून माळेच्या मण्यावर घासला तर कापूस गुलाबी झाला. आईचा चेहरा बघवत नव्हता. नंतर पुण्यात लॅबमध्ये दिलं, रिपोर्ट आला रंगवलेलं बांबू कोरल, म्हणजे हलक्या जातीचं पांढरट पोवळं लाल रंगात बुडवून काढलेलं. खऱ्या लाल पोवळ्याला भिंगाखाली अगदी बारीक, जवळजवळ समांतर रेषा दिसतात, याला जाड आणि ठळक दिसत होत्या. कॅमिओचंही सांगून ठेवते, खरा शिंपल्याचा असेल तर उजेडासमोर धरला की प्रकाश आरपार झिरपतो आणि मागची बाजू किंचित खोलगट असते, साच्यातल्या रेझिनच्या तुकड्याची पाठ बहुतेक वेळा सपाट असते. मी तोर्रे देल ग्रेकोला नावं ठेवत नाहीये, तिथे पिढ्यान्‌पिढ्या प्रामाणिक काम करणारी घरं आहेत. पण घ्यायचंच असेल तर स्वतः जा, कोणाच्या गाडीतून नको, आणि बिलावर रत्नाचं नाव, नैसर्गिक की रंगवलेलं, हे लिहून मागा. खरा दुकानदार लिहून देतो.

पुढे पॉम्पेई. ड्रायव्हरने मुख्य गेटला न सोडता स्टेशनसमोरच्या एका काउंटरवर सोडलं, तिथे "तिकीट्स, इन्फर्मेशन" असा बोर्ड आणि सगळं सरकारी वाटावं असं. ते खाजगी टूर विकणारे होते. पोर्ता मरीना हे खरं प्रवेशद्वार तिथून चालत अगदी दोन-तीन मिनिटांवर आहे, आणि नोव्हेंबर २०२४ पासून दिवसाला २०,००० माणसांचीच मर्यादा असून तिकिटावर नाव असतं, म्हणून तिकीट घरूनच अधिकृत साइटवर काढा आणि पासपोर्ट जवळ ठेवा. आम्हाला गाइडसकट म्हणून दुपटीच्या वर लावले आणि गाइडच्या गळ्यात लायसन्सचं कार्ड नव्हतं. त्याने हाउस ऑफ द फॉन या तिथल्या मोठ्या प्राचीन घरात जमिनीवरचं अलेक्झांडरचं मोझेक (बारीक रंगीत तुकडे जोडून केलेलं चित्र) "ओरिजिनल, टू थाउजंड इयर्स" म्हणून दाखवलं. ती २००५ साली बसवलेली प्रतिकृती आहे, मूळ मोझेक नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयाचं आहे. बाबा इतिहासाचे शिक्षक होते, त्यांना हे माहीत होतं, ते तिथे काहीच बोलले नाहीत पण मला त्याचा सगळ्यात जास्त राग आहे, पैशापेक्षाही. (ते संग्रहालय मंगळवारी बंद असतं, प्लॅन करताना बघा.)

आणि हे सगळं चालू असताना समोरच्या पॉम्पेई स्काव्ही स्टेशनात सगळ्या अंगावर ग्राफिटी रंगवलेली लोकल येऊन थांबली आणि त्यातून भसाभस लोक उतरले. संप वगैरे काही नव्हता.

ड्रायव्हरला साठ द्यायला लागलो तर म्हणाला साठ पर पर्सन, चौघांचे २४०, आणि कॅशच. डिकी बंद, चावी त्याच्या हातात, आत आमच्या बॅगा, बॅगेत आईच्या बीपीच्या गोळ्या. नवरा वाद घालत होता, आई रडायला आली, दिले पैसे. बावीस-तेवीस हजार रुपये होतात. त्यामुळे औषधं आणि पासपोर्ट कधीही डिकीत टाकू नका आणि गाडीत बसायच्या आधी नंबर प्लेटचा फोटो काढा. संध्याकाळी नेपल्स स्टेशनवरच्या रेल्वे पोलिसांकडे गेलो, त्यांनी नीट ऐकून घेतलं, तक्रार लिहून घेतली, पण पहिला प्रश्न गाडीच्या नंबरचाच होता आणि तो आमच्याकडे नव्हता. तातडीची मदत हवी असेल तर ११२, आणि दुकानाने बिल नाकारलं किंवा बिलात गडबड वाटली तर आर्थिक गुन्ह्यांच्या पोलिसांचा नंबर ११७ आहे.

स्टेशनबाहेरच्या गारिबाल्दी चौकात अजून एक प्रकार जुना आहे, स्वस्तात नवा सीलबंद फोन. दाखवतात खरा, हातात देतात तो डबा दुसरा, आत मिठाची पुडी नाहीतर फरशीचा तुकडा. थांबूच नका.

बाकी नेपल्स मला आवडलं, मनापासून. स्पाक्कानापोलीच्या अरुंद गल्ल्या, वर वाळत घातलेले कपडे, भिंतीभिंतीवर मॅराडोना, आणि एका साध्या पिझ्झेरियातल्या पोरीने आईसाठी चीजशिवायचा मरिनारा स्वतः सुचवला, हिशोब पैशापैशाचा बरोबर. शहर लबाड नाहीये, स्टेशन ते तिकीट खिडकी या पट्ट्यात बसलेली टोळी लबाड आहे.

आता कार्डचं. परत आल्यावर बँकेला कळवलं तर त्यांनी "पिन टाकून केलेला व्यवहार आहे, फ्रॉड धरता येत नाही" म्हणून क्लेम फेटाळला. मग बँकेत काम केलेल्या एका नातेवाइकाने समजावलं की फ्रॉड म्हणून टाकायचाच नसतो, "माल सांगितल्याप्रमाणे नाही" या प्रकारात डिस्प्यूट टाकायचा, त्याला पिनचा प्रश्न येत नाही, लॅबचा रिपोर्ट, बिल आणि दुकानाच्या सर्टिफिकेटचा फोटो जोडायचा. मुदत साधारण १२० दिवसांची असते, म्हणून घरी आल्यावर माल लगेच तपासून घ्या, कपाटात ठेवून देऊ नका. आम्ही तसा नव्याने टाकलाय, बँकेने स्वीकारलाय, निकाल यायचाय. व्हॅनचे २४० कॅशमध्ये गेले, ते काही परत येत नाहीत.