बीएमडब्ल्यू 328आयमध्ये एलएसडी बसवलं: उन्हाळा, पावसाळा आणि चिखलदऱ्याचा घाट

गाडी एफ30 पिढीतली 328आय. दोन लिटर टर्बो पेट्रोल, 245 अश्वशक्ती, 350 न्यूटन मीटर टॉर्क, आणि सगळा जोर मागच्या चाकांवर. डिफरन्शियल, म्हणजे मागच्या दोन चाकांत जोर वाटणारा गिअरचा संच, मात्र साधं, ओपन. ते दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क देतं, त्यामुळे एका चाकाची पकड सुटली की दुसऱ्याचाही जोर जातो. मग इलेक्ट्रॉनिक्स (ट्रॅक्शन कंट्रोल) नुसत्याच फिरणाऱ्या चाकाचा ब्रेक दाबतं आणि इंजिनचा दम काढून घेतं. नागपूरच्या ओल्या सिमेंट रोडवर सिग्नलला वळताना त्याचा पिवळा दिवा लुकलुकायचा, ते मला फार खटकायचं. म्हणून क्वाइफ कंपनीचं हेलिकल (तिरक्या दातांच्या गिअरचं) एलएसडी घेतलं; एलएसडी म्हणजे लिमिटेड स्लिप डिफरन्शियल, एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला जोर देत राहणारं. उन्हाळ्यात बसवलं, आता दिवाळी झाली.

डिफरन्शियल खाली उतरवणं मेहनतीचं आहे, पण अवघड नाही. सायलेन्सर आणि हीट शील्ड काढा, प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून डिफरन्शियलकडे येणारा दांडा) सोडवण्याआधी त्याच्या जोडाच्या चकतीवर, फ्लँजवर, खुणा करा, नाहीतर नंतर गाडी थरथरते. मग चाकांकडे जाणारे ड्राइव्ह शाफ्ट काढा. डिफरन्शियल चांगलंच जड असतं, त्यामुळे खाली ट्रान्समिशन जॅक हवाच.

खरी गोम पुढे आहे. माझ्या गाडीत क्राऊन, म्हणजे डिफरन्शियलवर बसणारं मोठं दातेरी चाक, कारखान्यातूनच वेल्ड केलेलं निघालं. ते वेल्ड लेथवर कापून क्राऊन बोल्टवर घ्यावं लागलं. हे काम हिंगणा एमआयडीसीत झालं. त्यानंतर आमचे मिस्त्री डायल गेज लावून बसले. क्राऊनच्या दातांना निळा रंग लावायचा, फिरवायचं, छाप बघायचा, शिम (अंतर जुळवणारी पातळ चकती) बदलायची, पुन्हा फिरवायचं. दाताच्या मधोमध स्वच्छ छाप उमटेपर्यंत त्यांनी हाऊसिंग बंद करू दिलं नाही. माझं ठाम मत आहे, एलएसडीच्या ब्रँडवर चर्चा करण्यापेक्षा हे सेटिंग करणारा माणूस आधी शोधा. यात फरक राहिला तर डिफरन्शियल रडायला लागतं आणि क्राऊन आणि त्याला फिरवणारं छोटं गिअर, पिनियन, खराब होतं. माझ्याकडे आजही घरघर नाही.

समृद्धीवर सरळ 120 ने जाताना काडीचाही फरक कळत नाही. फरक कळतो तो परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढताना. आखूड वळणात आधी पाय रोखून धरावा लागायचा. आता वळणाचा मध्य ओलांडला की हळूहळू अ‍ॅक्सिलरेटर द्या, बाहेरचं चाक जोर घेतं आणि गाडी आतल्या बाजूला ओढत निघते. घाट उतरून पुन्हा चढावासा वाटतो, इतकं ते सुखाचं आहे.

पावसात मात्र जपून. ओपन डिफरन्शियलमध्ये एकच चाक घसरायचं; इथे जास्त दाबलंत तर दोन्ही एकदम सुटतात आणि मागची बाजू बाहेर येते. ट्रॅक्शन कंट्रोल मी कधीच बंद करत नाही. शिवाय एक चाक पूर्ण अधांतरी असेल तर हेलिकल एलएसडी ओपनसारखंच वागतं, अशा वेळी ब्रेकवर हलका पाय ठेवला तर काम भागतं. क्लच प्लेटवाल्या एलएसडीत हा प्रश्न कमी येतो, पण प्लेटा झिजतात. रोजच्या गाडीला हेलिकलच बरं.

गिअर ऑइल सुरुवातीच्या धावेनंतर लगेच बदलून घ्या. बाहेर काढलेल्या ऑइलमध्ये बोटाला करड्या भुकटीसारखं काही लागलं, नवीन दात बसताना तेवढं निघतंच. आणि मागचे टायर जोडीनेच बदला. एक नवा, एक झिजलेला ठेवलात तर सरळ रस्त्यावरही दोन्ही चाकांचे फेरे वेगळे पडतात आणि एलएसडी विनाकारण घासत राहतं.