चंदीचा तोबरा की रात्रभर चारा?

लग्नसराईत नागपुरात घोडी रात्री उशिरापर्यंत वरातीत उभी असते. परतल्यावर तिच्या तोंडाला चंदीचा, म्हणजे भिजवलेल्या हरभऱ्याचा, तोबरा बांधला, की मालकाला पोट भरल्याचं समाधान मिळतं. पण तोबरा बघता बघता रिकामा होतो. मग ती खुंटा कुरतडते, पुढच्या खुराने जमीन उकरते. लोक म्हणतात, खोड आहे. मला ती भूक दिसते.

घोड्याचं जठर लहान, साधारण 8 ते 15 लिटरचं, आणि त्यात आम्ल चोवीस तास पाझरतं. ते शमवणारी लाळ मात्र चावतानाच सुटते. मोकळा घोडा दिवसातले 16 तासही चरतो, म्हणजे पोटाइतकीच जबड्यालाही भूक असते! चंदीने ताकद येते हे खरंच, कष्टाच्या दिवसांत थोडी हवीही. पण एकदम जास्त दिली तर पोटशूळ उठतो, आणि घोड्याला ओकता येत नाही.

चाऱ्याचं तसं नाही. 400 किलोच्या घोडीला रोज 6 ते 8 किलो कोरडा चारा लागतो. जाळीच्या पिशवीत टांगला तर रात्रभर पुरतो. वाळलेलं गवत उत्तम, नाहीतर ज्वारीचा स्वच्छ कडबा. बुरशीचा वास आला तर फेकूनच द्या. मेच्या उन्हात पाणी सतत समोर हवं.

माझा कौल चाऱ्याला. वरातीआधी कडब्याची एक पेंढी निवांत चघळू द्या. चंदी परतल्यावर, अंग थंड झालं की, तीही बेतानेच.