नूरी सार्डिनची डबी, ज्वारीच्या भाकरीबरोबर

माझं माहेर दापोलीकडचं, सासर साताऱ्याचं. सदर बझारात बावीस वर्षं खानावळ चालवते. मासा मला माहेराने शिकवला, भाकरी साताऱ्याने. त्यामुळे या डबीबद्दल दोन्ही बाजूंनी सांगता येईल असं वाटलं.

मुलगा २०२२ पासून पोर्तुगालमध्ये आहे, पोर्तोला एका हॉटेलच्या किचनमध्ये. तिथे राहण्याच्या परवान्याचं कार्ड हातात पडेपर्यंत त्याला गावी येता येईना. यंदा कार्ड मिळालं आणि पावसाळ्याच्या तोंडावर तो आला. बॅगेत कपडे थोडे आणि टॉवेलांत गुंडाळलेल्या बारा डब्या. नूरी नावाच्या, ऑलिव्ह तेलातल्या मसालेदार सार्डिन. सार्डिन म्हणजे आपल्या तारलीच्या घरातलाच मासा, थोडा लांबट.

डबी हातात मावते, सव्वाशे ग्रॅमची. बाहेरून रंगीत कागद. तो चिकटवलेला नसतो, आपला वाणी पूर्वी पुडी बांधायचा तशा घड्या घालून बसवलेला असतो, आणि तोही हाताने. पोर्तोला लागूनच मातोझिन्योस नावाचं बंदर आहे. तिथल्या, १९२० साली सुरू झालेल्या पिन्याइश कारखान्यात या डब्या भरतात. मुलगा सुट्टीच्या दिवशी जाऊन बघून आला, लोकांना आत नेऊन दाखवतात म्हणे. बंदरावरच्या लिलावातला ताजा मासा घ्यायचा. बायका ओळीने बसून मुंडकी काढतात, मासे मिठाच्या पाण्यातून काढून जाळ्यांवर लावतात आणि वाफेवर शिजवून घेतात. डबीत आधी मसाला पडतो, तोही बोटांनी मोजून. त्यावर मासा, मग तेल, मग झाकण. हे ऐकून मला हर्णै बंदरावर लिलावाच्या वेळी टोपल्या घेऊन बसणाऱ्या बायका आठवल्या. हाताचा वेग हीच त्यांची मजुरी.

पहिली डबी मी ओट्यावर ताटली ठेवून उघडली. तुम्हीही ताटली ठेवाच, कारण कडी ओढली की शेवटच्या झटक्याला तेल बाहेर येतं. पूर्वी या डब्यांना कडी नसायची, एक छोटी किल्ली असायची आणि तिच्याभोवती पत्रा गुंडाळत न्यायचा. पोर्तुगीजमध्ये किल्लीला शावी म्हणतात, आपली चावी तिथूनच आली. पाव, बादली, पगार हे शब्दही त्यांचेच. मिरचीसुद्धा त्यांच्याच जहाजांतून आपल्याकडे आली, आणि डबीत तीच मिरची होती: लहानशी, लाल, पिरीपिरी. बरोबर एक लवंग, मिरी, तमालपत्रासारखं पण त्याहून जाड आणि उग्र पान, गाजराची एक चकती, खारवलेल्या काकडीचा एक काप. खाली चार मासे, डोकं-शेपूट असे उलटसुलट निजवलेले. चंदेरी कातडी जशीच्या तशी. इतकी तलम कातडी शिजवल्यावर न फाटता राहते, यावरूनच हात कसा आहे ते कळतं.

वास घेतला. डबाबंद माशाचा जो उग्र दर्प मला माहीत होता, तो नव्हता. आधी लवंग येते, मग तेल, मग समुद्र.

मुलाने बजावलं होतं, "आई, तेल ओतून देऊ नकोस हां." मी गरम भाकरीचा पापुद्रा उचलला, आत एक मासा ठेवला, बोटाने मोडला आणि वर डबीतलं चमचाभर तेल घातलं. लिंबू पिळलं, बुक्कीने फोडलेला कांदा शेजारी. ज्वारीने तेल पिऊन घेतलं. माशाचा काटा इतका मऊ झालेला असतो की दाताखाली येतो पण टोचत नाही. मीठ बेताचं. तिखट आपल्या मानाने कमी, पण घास गिळल्यावर घशाशी हळूच येतं. मला हा घास फार आवडला. माहेरची भाजलेली तारली आणि सासरची भाकरी एका ताटात क्वचितच आली असतील, इथे ती एका घासात आली.

मुलगा म्हणाला, तिथेही असंच खातात. पोर्तोत २३ जूनची रात्र साओ जोआंव या संताच्या सणाची. सगळं शहर रस्त्यावर असतं, दारोदारी कोळशावर सार्डिन भाजतात आणि लोक एकमेकांच्या डोक्यावर प्लास्टिकच्या हातोड्या हळूच मारतात. भाजलेला मासा पावाच्या जाड कापावर ठेवायचा, वरून खात जायचं आणि चरबी प्यायलेला पाव शेवटी खायचा. त्या दिवशी मांझेरिको नावाच्या रोपाची कुंडी भेट देतात. ते आपल्या तुळशीच्याच जातीचं. त्याला नाक लावायचं नाही, पानांवरून हात फिरवायचा आणि हात हुंगायचा, अशी रीत आहे. यंदा २३ जूनला तो इथे होता. अजिंक्यतारा धुक्यात गेलेला, पाऊस थांबायचं नाव घेईना. अंगणातल्या तुळशीवरून त्याने हात फिरवला आणि आम्ही दोन डब्या उघडल्या. आपल्याकडे पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या असतात, चिपळूणकडून ताजा मासा येत नाही. त्यांच्याकडेही सार्डिनची मासेमारी हिवाळ्यात बंद ठेवतात. उन्हाळ्यात मासा चरबीने भरतो, तेव्हा खरा हंगाम. डबी म्हणजे त्या हंगामाचं लोणचंच.

आणि लोणच्यासारखीच ती मुरते. बारातल्या दोन त्याने २०२२ मध्येच घेऊन ठेवलेल्या होत्या. नवी आणि जुनी शेजारी शेजारी उघडून मी खाल्ली. नव्या डबीत मासा वेगळा लागतो, तेल वेगळं लागतं. जुन्यात दोन्हींचं एक झालेलं. मांस लोण्यासारखं, लवंग आतपर्यंत गेलेली, तिखट मवाळ. तिथले शौकीन डब्या वर्षानुवर्षं ठेवतात आणि अधूनमधून उलट्या करतात, म्हणजे तेल सगळीकडून लागतं. डबीवरची शेवटची तारीख बरीच पुढची असते, तेवढी मात्र बघा. कैरीच्या बरणीशेजारी मी चार डब्या ठेवल्यात. दर अमावस्येला उलट्या करते, म्हणजे विसरायला होत नाही.

या डबीला आमच्या घरात आणखी एक मान आहे. २८ एप्रिल २०२५ ला स्पेन आणि पोर्तुगालची वीज एकदम गेली. तिथे सकाळचे साडेअकरा, इथे दुपारचे चार. मी संध्याकाळचं पीठ मळत होते. टीव्हीवर पट्टी दिसली, फोन लावला, लागला नाही. मग रात्रभर नाही. तिथे मेट्रो बंद, सिग्नल बंद, दुकानांत कार्ड चालेना, रोख असेल त्याला सामान. लोकांनी पाणी, मेणबत्त्या, बॅटरीचे रेडिओ आणि डबाबंद अन्न उचलून नेलं. मुलाच्या खोलीत शेगडी विजेची. त्याच्याकडे नूरीच्या डब्या होत्या आणि ब्रोआ, म्हणजे तिकडचा मक्याचा दाट पाव. शेजारच्या आजींकडे बॅटरीचा रेडिओ होता. दोघांनी जिन्यात बसून बातम्या ऐकत तेच खाल्लं. इथे पहाटे चार वाजता मेसेज आला: वीज आली, जेवलोय. परदेशी लोकांसाठी तिथल्या बातम्या इंग्रजीत निघतात, त्या तो मला रविवारी फोनवर वाचून सांगतो. पण त्या दिवशीची बातमी मला त्या दोन ओळींतच कळली.

आता जे जमलं नाही ते. मी याची आमटी करून पाहिली, कोकम, तिरफळ, ओलं खोबरं घालून. मासा विरघळला आणि तेल वर तरंगलं. कालवणाला हा मासा घेऊ नका, तो आधीच दोनदा शिजलेला आहे, एकदा वाफेवर आणि मग बंद डबीत. पोळीबरोबर मजा नाही, पोळी तेल पीत नाही. वाफाळत्या भातावर चांगला, पण भाकरीची सर नाही. आमच्याकडे रोज जेवायला येणारे एक निवृत्त एसटी ड्रायव्हर आहेत, त्यांनी एक घास खाऊन आधी मिरचीचा ठेचा मागितला आणि मग अख्खी डबी संपवली. ठेचा लावून मीही खाल्लं. चांगलं लागतं, पण लवंग हरवते. माझं मत ठेच्याशिवाय.

किंमत हा खरा अडसर. तिथे एक डबी चार-साडेचार युरो, म्हणजे चारशेच्या वर रुपये, आणि त्यात दोघांचं जेमतेम होतं. खानावळीत हे परवडणार नाही. स्वस्तात मिळते म्हणून मी इथून ऑनलाइन दुसऱ्या कंपनीची सार्डिन मागवली होती. डबी चेपलेली आली, आत सूर्यफुलाचं तेल आणि मासा भुगा. परत घ्यायला दुकानदार तयार नाही. तेव्हा डबीवर तेल कोणतं ते आधी वाचा, आणि चेपलेली किंवा फुगलेली डबी उघडूच नका.

कोणी तिकडून येणार असेल तर मसाल्याची मागवा. टोमॅटोतलीही येते, ती मुलांना आवडेल, मला तेलातलीच बरी वाटली. हातातल्या बॅगेत ठेवू नका म्हणावं, तेल असल्यामुळे विमानतळावर काढून घेऊ शकतात. मोठ्या बॅगेत, प्रत्येक डबी वेगळ्या कपड्यात. परत जाताना आमच्याकडून कंदी पेढे गेले ते त्याच टॉवेलांत, तेलाचा डाग एकाही टॉवेलाला नव्हता.